सारंगमामाचं सुकाणू

"दोर जरा सैल सोड रे विश्राम. वारो मागे सरकलो."

मामाने हे शिडाकडे न बघता सांगितलं. सुकाणूचा दांडा काखेत धरून तो सरळ पुढे बघत होता, आणि वारा खरोखरच मागे सरकला होता. मी दोर सोडला, शीड फुगलं, होडी पळायला लागली. माझी छाती त्या शिडापेक्षा जास्त फुगली. माझ्या आईचा सख्खा भाऊ होता तो.

आदल्या दिवशी दुपारी आमचं जहाज बुडालं होतं. लढाईचे दिवस. एडनहून मुंबईला येणारं मालाचं जहाज, त्यावर आम्ही बहुतेक सगळे कोकणातले खलाशी, आणि पाण्याखालून कुठूनतरी आलेला एक टॉर्पेडो. जेवणं नुकती उरकली होती. जहाज कलायला लागलं तशी माणसं मिळेल तिथून उड्या मारू लागली. पाण्यावर इंजिनाचं काळं तेल पसरलं होतं. त्या तेलात गटांगळ्या खात आम्ही वीसेक जण एका जीवरक्षक होडीत चढलो. राहिलेल्यांची नावं घेत नाही. घेतली तर मला पुढचं सांगता यायचं नाही.

आज माझी नव्वदी उलटली आहे. त्या दिवसानंतर अर्धं आयुष्य मी जहाजांवर काढलं, मग स्वतःची होडी घेतली, आणि अजूनही धाकटा नातू ओरडत असताना सकाळची खाडीतली एक फेरी मारून येतो. वादळं पाहिली, दुसऱ्यांदा जहाज बुडालेलंही पाहिलं. पण लोक लढाईतलं सांगा म्हणतात तेव्हा मी ह्याच होडीतलं सांगतो.

मामाचं नाव सोमा तोडणकर. जहाजावर तो सारंग होता. सारंग म्हणजे सगळ्या खलाशांचा पुढारी. साहेबाचा हुकूम त्याच्याकडे यायचा आणि त्याच्या तोंडून आमच्याकडे. घरी मी त्याला "अरे मामा" म्हणायचो, जहाजावर "अहो सारंग". त्याला ते तसंच लागायचं. आमच्या होडीत एक साहेबही होता, फर्गसन नावाचा, तरुण आणि सरळ माणूस. होडीत उतरताना त्याचा उजवा हात मोडला होता. पण होकायंत्राची पेटी त्याने मांडीवरून खाली ठेवली नाही. पहिल्याच दिवशी त्याने जहाजी हिंदुस्थानीत मामाला विचारलं, "सारंग, किनारे का कौन सा हिस्सा तुम सबसे अच्छा जानता है?"

"शिरखोल," मामा म्हणाला. "मेरा गाँव."

साहेबाने नकाशा नसताना डोक्यातच हिशेब केला, होकायंत्र बघून दिशा सांगितली, आणि मामाने होडीची नाळ तिकडे वळवली. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. शिरखोल माझंही गाव. गावाकडे तोंड केल्याबरोबर माणसांच्या अंगात थोडा जीव आला.

जीव आला नाही तो फक्त लवू मेथराला. लवू आमचा स्वयंपाकी, तोही शिरखोलचाच. वर्षभरापूर्वी त्याने केलेली माशाची कढी खारट झाली म्हणून मामाने सगळ्यांदेखत टोप उचलून समुद्रात ओतला होता. तेव्हापासून लवू मामाशी थेट बोलत नसे. जे बोलायचं ते हवेला ऐकवायचा. आणि बोलायचा तरी किती! ह्या होडीत तर त्याच्या तोंडाला खळच नव्हता.

"काय ता शीड!" वल्हं मारता मारता तो म्हणायचा. "फडफडता नुसता. कोणाचा लक्षच नाय. आणि वारो बघा, आता उजव्या कानात शिरता. मगाशी पाठीर होतो."

"गप रे लवू," मी म्हणायचो.

"मी कोणाशी बोलतंय? मी माझ्याशी बोलतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी वाटायची वेळ झाली. पाण्याचं पिंप लवूच्या ताब्यात होतं, आणि दुधाचा एक रिकामा डबा माप म्हणून. प्रत्येकाला तळाशी जेमतेम येईल एवढंच पाणी. सगळ्यात शेवटी मामा, कारण सारंग शेवटी पितो. लवूने डबा पुढे केला. मामाचा हात डब्याच्या बाजूने निघून गेला.

"लोकांका हात सरळ करूकसुदीक जड जाता," लवू हवेला म्हणाला, आणि डबा मामाच्या पंजात कोंबून निघून गेला.

मी मात्र ते बघून गार झालो. मामाच्या शेजारीच बसलो होतो मी, शिडाचा दोर माझ्याकडे होता. थोड्या वेळाने, कोणी बघत नाही असं पाहून मी माझा पंजा मामाच्या डोळ्यांसमोरून फिरवला. पापणी हलली नाही. डोळे लाल झाले होते आणि त्यांच्यावर काहीतरी पांढुरकं साचलं होतं.

"मामा," मी कुजबुजलो, आणि जहाजावरचं अहोजाहो विसरलो. "तुका दिसणा नाय?"

"हळू बोल."

"कदीपासून?"

"कालपासून. तेल गेला डोळ्यात. उजेड तेवढो कळता. सूर्य खंय आसा ता कळता. बाकी काय नाय."

"मग सुकाणू कसा धरलंस?"

"वारो गालाक लागता ना? आणि लाट बसल्या फळयेखाली कळता. एवढा पुरा होता."

मला रडू यायला लागलं, आणि त्याहून जास्त भीती वाटायला लागली. "मी सायबाक सांगतंय. सुकाणू माझ्याकडे दे."

मामाने माझा गुडघा इतका जोरात दाबला की मी ओरडणारच होतो. "आयक. पाण्याच्या त्या घोटार ही माणसा जगणत नाय. सारंग बसलो आसा, सारंगाक वाट ठावक आसा, ह्येच्यार जगतत. आज मी दांडो सोडलंय तर कित्याक सोडलंय म्हणान इचारतले. आंधळो झालो म्हटल्यार वल्ही टाकतीत. मग सायबाचा होकायंत्र काय करतला?"

त्याचं बरोबर होतं. आमच्याकडे तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्याच्या, हातातून सुकाणू कोणी घेत नाही. तो देतो तेव्हाच ते मिळतं, आणि तो देतो ते म्हातारपणी, देवळात नारळ ठेवून. भर समुद्रात तांडेलाने सुकाणू सोडणं म्हणजे सगळं संपल्याची खूण. दोघेतिघे तर आधीच म्हणत होते, की जहाज बुडालं तिथेच थांबायला हवं होतं, कोणीतरी शोधत आलं असतं. त्यांना नुसतं निमित्त हवं होतं.

"कोणाक कळता नये," मामा म्हणाला. "लवूक तर नायच नाय. तो हसात. घे आवशीची शपथ."

मी शपथ घेतली. आईची, म्हणजे त्याच्या बहिणीची. आणि त्या दिवसापासून मी त्याच्या उजव्या बाजूला गुडघ्याला गुडघा लावून बसलो. एकदा टोचलं की नाळ डावीकडे घे. दोनदा टोचलं की उजवीकडे. दाबून धरलं की आहे तसंच ठेव. साहेब होकायंत्र बघून हाताने खूण करायचा, मी ती गुडघ्याने मामाला पोचवायचो, आणि मामा ऐटीत दांडा वळवून वर एखाद्या खलाशावर ओरडायचा. मला वाटायचं, अख्ख्या दर्यावर एवढी हुशारी कोणी केली नसेल. तरुण होतो.

भीती फक्त लवूची होती. त्याची बडबड दिवसेंदिवस वाढत चालली. वल्हवणारे बसले की दर दोन मिनिटांनी त्याचं काहीतरी चालूच.

"डाव्या हाताक पावसाचो ढग इलो. कोणाक दिसता काय? नाय. सगळे झोपलेले."

"लाट बघा केवढी येता मागसून. आता मारतली थप्पड."

तो असं म्हणाला की मामा आधीच पाय रोवून बसायचा, आणि लाट आली तरी दांडा हलायचा नाही. मला वाटायचं, ह्या लवूला मामाच्या चुका काढायच्या आहेत, आणि मामा त्याला संधी देत नाही. मनातल्या मनात मी मामाला शाबासकी द्यायचो आणि लवूला शिव्या.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी सगळं उघड होणारच होतं. साहेब एकदम ताठ झाला आणि डाव्या हाताने समोर दाखवत म्हणाला, "सारंग! वो क्या है? जमीन या बादल?"

सगळ्या होडीने माना वळवल्या, आणि मग सगळे मामाकडे बघायला लागले. वर्षानुवर्षं समुद्र बघितलेला माणूस तो. त्याने सांगितलं की झालं. गुडघ्याला डावं-उजवं ठाऊक होतं. जमीन की ढग, ह्याची खूण आम्ही ठरवलीच नव्हती.  

"जमीन!" लवू फिसकारला, अर्थात हवेकडे बघून. "ह्येंका ढग म्हणजे जमीन दिसता. बुड बघा, सरळ आसा. खालसून तांबूस. सांजचो ढग तो. एवढासुदीक कळणा नाय लोकांका."

"बादल है, साहेब," मामा शांतपणे म्हणाला. "शाम का बादल. बुड सीधा है."

"ठीक है," साहेब म्हणाला आणि मागे टेकला. माणसांचे चेहरे पडले, पण मामावरचा विश्वास आणखी बसला. मी मनात देवाचे आभार मानले, की त्याने लवूला चोंबडं तोंड दिलं.

पुढचे दिवस वाईट गेले. पाणी आणखी कमी झालं, ओठ फुटले. एक जण समुद्राचं पाणी प्यायला लागला तेव्हा मामाने त्याच्या आवाजाच्या रोखाने तोंड वळवून असा दम भरला की त्याने डबा टाकून दिला. वारा पडला की वल्ही. मामा ताल द्यायचा, गावाकडच्या होडीत देतात तसा, "हैसा रे हैसा," आणि वीस जण हलायचे. त्याचा आवाज बसला नाही. बाकी सगळ्यांचे बसले होते. रात्री मी त्याला विचारायचो, दुखतंय का? तो म्हणायचा, "दुखूक येळ खंय आसा?"

शेवटच्या दिवशी सकाळी पिंप कोरडं पडलं. लवूने ते उलटं करून दाखवलं आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. दुपार होत आली. कोणी वल्ह्याला हात लावेना. तेवढ्यात मामा म्हणाला, "गप रवा."

सगळे गप्पच होते.

"ढोल वाजता," मामा म्हणाला.

आम्हाला लाटांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. साहेबाने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या नजरेत जे होतं ते मला वाचायचं नव्हतं. तहानेने माणसाला काहीबाही ऐकू येतं. पण मामा हसत होता. "शिरखोलचो ढोल. देवीची जत्रा आज. आमचो ढोल मधीच थांबता आणि मगे धावता. दुसऱ्या खंयच्या गावाक असो हात नाय."

तासाभराने समोरची धुरकट हवा निवळली आणि डोंगराची रेघ दिसली. ह्या वेळी बुड सरळ नव्हतं. आणखी जवळ गेलो तेव्हा मला माडांवर डोकं काढलेला देवळाचा कळस दिसला आणि मागच्या टेकडीवरचा एकटा ताड. मी मामाचा गुडघाच टोचत सुटलो, कुठलाही हिशेब न ठेवता.

"कळला, कळला," मामा म्हणाला. "होडी उलटवशील."

माणसं रडत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. पण समुद्रात एकही होडी नव्हती. जत्रेच्या दिवशी आमच्या गावची होडी पाण्यात जात नाही. सगळ्या होड्या वाळूवर ओढलेल्या, आणि सगळं गाव देवळात. मदतीला येणारं कोणी नव्हतं, आणि आमच्यासमोर शिरखोलची खडपं होती.

शिरखोलच्या तोंडावर खडकांची भिंत आहे. भरतीला ती पाण्याखाली लपते. आत यायला एकच वाट, दोन होड्या शेजारी शेजारी जाणार नाहीत एवढी अरुंद, आणि मध्येच उजवीकडे वळणारी. साहेबाने ते फुटणारं पांढरं पाणी बघितलं आणि विचारलं, वर उत्तरेला बंदर आहे ना, तिकडे गेलो तर? मामाने त्याला हिंदुस्थानीत सांगितलं त्याचा अर्थ असा, "साहेब, संध्याकाळी वारा जमिनीवरून सुटतो. तो आपल्याला पुन्हा बाहेर ढकलणार. ह्यांच्या हातात वल्हं मारायचा जीव नाही. आज आत गेलो तर गेलो."

साहेबाने थोडा विचार केला, होकायंत्राची पेटी बंद केली आणि म्हणाला, "तुम्हारा गाँव, सारंग. तुम्हारा हुकुम."

सुकाणू मामाकडे. वाट फक्त मामाला ठाऊक. मी गाव सोडलं तेव्हा बाबांच्या होडीत बसून नुसती मासळी मोजायचो. ह्या वाटेत सुकाणू कधी धरलंच नव्हतं. माझ्याकडे डोळे होते, त्याच्याकडे वाट होती, आणि मध्ये एक गुडघा.

"कळस आणि ताड एका रेघेत येवक होये," मामा माझ्या कानाशी म्हणाला. "रेघ मोडली की सांग. वळणाकडे मी बघून घेतंय."

आम्ही आत शिरलो. पहिल्या लाटेने होडी उचलली आणि सगळे आवाज बंद झाले. नुसता खडपांवर फुटणाऱ्या पाण्याचा गडगडाट. मी गुडघा टोचत होतो, पण होडी अशी उसळत होती की टोचलं एकदा की दोनदा ते मलाच कळेना, मामाला काय कळणार. कळस ताडाच्या डावीकडे सरकला. मी एकदा टोचलं. मामाने दांडा वळवला, पण उशिरा. आणखी डावीकडे. काळा खडक इतका जवळ आला की त्याच्यावरच्या कालवांच्या शिंपल्या दिसल्या.

शपथ आईची होती. ओरडलो असतो तर वीस माणसांना कळलं असतं की सारंग आंधळा आहे, तेही अशा ठिकाणी. नाही ओरडलो तर खडक. मी तोंड उघडलं.

"कळस डाव्या हाताक गेलो!"

हे मी ओरडलो नव्हतो. लवू वल्हं सोडून उभा राहिला होता, एका हाताने डोलकाठी धरून, पुढे तोंड करून. "डाव्या हाताक गेलो! नाळ डावीकडे होयी! आणखी! आणखी! आता बरोबर, ठेवा तशीच!"

मामाचे हात त्याच्या शब्दाबरोबर चालले. मग मलाही कंठ फुटला. "मामा, रेघ सरळ! रेघ सरळ आसा!" आणि माझ्यामागोमाग वल्हवणाऱ्यांतला एक जण ओरडला, "उजव्या अंगाक खडक, दोन वल्ही लांब!" दुसरा ओरडला, "डाव्या अंगाक मोकळा पाणी!" कोणी हसलं नाही, कोणी वल्हं टाकलं नाही. उलट जे सकाळपासून पडून होते ते उठून बसले आणि वल्ही ओढायला लागले. अख्खी होडी ओरडत होती, आणि मध्ये मामा डोळे मिटून बसला होता. आता उघडे ठेवण्याचं सोंगही त्याने सोडलं होतं.

"वळण इला," मामा म्हणाला. "आता कोणी बोला नको."

सगळे गप्प झाले. खडपांवरचा आवाज एका बाजूला जड होता, दुसऱ्या बाजूला पोकळ. मी ऐकायचा प्रयत्न केला. मला फरक कळला तो पुढे कित्येक वर्षांनी, स्वतः त्या वाटेने शंभरदा गेल्यावर. मामाने मान एकीकडे कलती केली. एक लाट खालून गेली. दुसरी गेली. साहेबाने ओठ दाताखाली धरला होता.

"हाणा!" मामा गर्जला आणि दांडा अंगाखाली घेऊन आडवाच झाला.

होडी वळली. मागून आलेल्या लाटेने आम्हाला उचललं, खडपांमधून पुढे फेकलं, आणि मग एकाएकी सगळं शांत झालं. खाडीचं गुळगुळीत हिरवं पाणी. तळाची वाळू दिसत होती. साहेब पहिला ओरडला. काय ओरडला ते मला कळलं नाही, पण त्याच्या मोडलेल्या हाताची त्याला आठवण राहिली नव्हती. मग आम्ही सगळे ओरडलो. देवळातला ढोल थांबला, आणि माडांतून माणसं धावत बाहेर यायला लागली.

पुढचं आधीच सांगून टाकतो. डॉक्टरने महिनाभर डोळे धुतले आणि मामाचा डावा डोळा पुरता परत आला, उजवा अर्धा. वर्ष संपायच्या आत तो पुन्हा जहाजावर होता, लढाई चालू असतानाच. त्यानंतर वीस वर्षं त्याने दर्या सोडला नाही. सोडला त्या दिवशी देवळात नारळ ठेवून सुकाणू माझ्या हातात दिलं, आणि मी अजून ते कोणाला दिलेलं नाही, नातू काही म्हणो. पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं, वाळूवरचं.

होडी वाळूला लागली. माणसं उड्या टाकून उतरली, कोणी वाळूत तोंड खुपसलं, कोणी पहिल्या भेटलेल्या बाईच्या हातून पाण्याची कळशी हिसकावून घेतली. साहेबाला गावकऱ्यांनी उचलून नेलं. होडीत उरलो मी आणि मामा. तांडेल शेवटी उतरतो. मामाचे हात दांड्यावरून निघत नव्हते. मी एकेक बोट सोडवलं.

"किती माणसा आसत?" त्याने विचारलं.

"सगळो गाव. मामी आसा. माझी आवस आसा."

"हात धरू नको माझो. मी एकटो जातंय."

"मामा, गुडघाभर पाणी, खाली दगड आसत. पडशील."

"पडलंय तर पडलंय. सोमा तोडणकराक हाताक धरून उतरवलो म्हणान गावात नको."

तो होडीच्या काठावरून पाय टाकायला लागला, चुकीच्या बाजूने. एवढ्यात पाणी उडवत लवू परत आला. आमच्याकडे न बघता तो होडीला पाठ करून पाण्यात बसला, छातीपर्यंत बुडाला.

"खांद्यार बसा," तो म्हणाला. आणि हे त्याने हवेला म्हटलं नाही.

मामा थबकला. "कित्याक?"

"जिंकान इलेलो तांडेल पायान चलत जाता? गावात कोणी बघला असा कदी? बसा. माका थंडी वाजता."

मी मामाचा पाय त्याच्या खांद्यावर ठेवून दिला. लवू उठला. तो शेलाटा माणूस, आठ दिवस अन्न नाही, मामा म्हणजे भरभक्कम गडी. पण लवू उठला. किनाऱ्यावरून एकच गलका झाला. मी त्यांच्या बाजूने पाण्यातून चालत होतो, आणि माझं तोंड उघडंच होतं.

"लवू," मी म्हणालो, "तुका कदी कळला?"

"पयल्याच दिसाक."

"कसा? मी तर कोणाक..."

"अरे मेल्या, वल्हा मारताना माणसाचा त्वांड खंय असता? फुडे? मागे असता, सुकाणवाकडे. दिसभर आम्ही सगळे सारंगाच्या डोळ्यात बघत होतव. तूच एकटो फुडे बघत बसललंस, गुडघे टोचत."

होडीतच वाढून मला हे सुचलं नव्हतं. वल्हवणारा पाठ पुढे करून बसतो. अख्ख्या होडीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि अख्खी होडी ते गिळून वल्ही मारत राहिली होती. मला हसू आणि रडू एकदम आलं.

"आणि ती बडबड?" मी विचारलं.

"सारंगाक हवामान कोण सांगतलो? तू? तुझ्या गुडघ्याक ढग दिसतत?"

वरून मामा म्हणाला, "माकाय ठावक होता. वर्षभर माझ्याशी बोललो नाय, आणि आंधळो झालंय त्या दिसापासून तोंड मिटूक नाय मेल्यान."

दोघेही हसायला लागले. लवूच्या खांद्यांवर मामा हलत होता. मामी वाळूच्या कडेला पुढे आली. तिला काहीतरी वेगळं दिसलं असावं, कारण तिने विचारलं, "ह्येंका काय झाला? उतरवा ना खाली."

"उतरवणत नाय," लवू म्हणाला. "देवीच्या पायरीपर्यंत असोच नेतलो. ढोलवाल्यांनू, वाजवा!"

ढोल वाजायला लागला. गर्दी सरकली, वाट झाली. लवूचे पाय वाळूत रुतत होते.

"हळू चल रे लवू," मामा वरून म्हणाला. "आणि उजवीकडे माड आसत, डोक्याक लागतीत."

"सारंगांनू, होडयेत तुमचा आयकला," लवू म्हणाला. "आता जमनीर आसव. गप बसा आणि माझा आयका."

आणि जन्मात पहिल्यांदा मामा गप्प बसला. लवूच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून, तो ढोलाच्या मागे देवळापर्यंत गेला.